महाधमनीतला फुगा आणि रस्त्यावरची मिनिटे

शेतात पाइपलाइन फुटली की शेतकरी आधी मागचा वॉल बंद करतो, दुरुस्ती नंतर. अपघातात पोटातली किंवा कटिभागातली मोठी रक्तवाहिनी फुटते, तेव्हा सर्जनलाही हेच करायचे असते. अडचण अशी की, ही जागा बाहेरून दाबता येत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. त्यातले दोन लिटर आतल्या आत वाहून गेले तरी बाहेर थेंब दिसत नाही.

यावर ‘रिबोआ’ नावाचा एक उपाय आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवायची आणि तिच्या टोकाचा फुगा महाधमनीत फुगवायचा. फुग्याखालचा प्रवाह थांबतो. उरलेले रक्त हृदयाला आणि मेंदूला मिळते. कल्पना जुनी आहे. कोरियन युद्धातील जखमी सैनिकांवरच्या अशा वापराची नोंद अमेरिकी सर्जन कार्ल ह्यूज यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी तो अपघातस्थळीच वापरला.

मग असा फुगा प्रत्येक रुग्णालयात का नको?

कारण वॉल बंद केला की पुढचे पीक सुकू लागते. छातीच्या पातळीवर फुगा फुगवला, तर मूत्रपिंडे, आतडी आणि पाय रक्ताविना राहतात. अशी अवस्था अर्ध्या तासापलीकडे धोक्याची. फुगा सोडताच साठलेली आम्लद्रव्ये हृदयाकडे धावतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणजे फुगा रक्तस्राव बरा करत नाही, फक्त काही मिनिटे उसनी देतो. त्या मिनिटांत सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार हवे.

ब्रिटनमधील १६ रुग्णालयांत ९० जखमींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांच्या गटात तीन महिन्यांत ४२ टक्के रुग्ण दगावले. नेहमीच्या उपचारांसोबत फुग्याचा पर्याय ठेवलेल्या गटात ५४ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचायला होणारा उशीर परवडत नाही.

उशीर हाच आपल्या जिल्ह्याचाही प्रश्न आहे. पांढरकवड्याजवळ ४४ क्रमांकाच्या महामार्गावर अपघात झाला, तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साठ-सत्तर किलोमीटरवर. रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडचे स्वस्त इंजेक्शनही तीन तासांच्या आत, जितके लवकर तितके उपयोगी. वीस हजारांहून अधिक जखमींवरील अभ्यासाने हे दाखवून दिले आहे.

म्हणून पहिली मिनिटे तिथे उभ्या असलेल्या माणसांची. आधी १०८ ला फोन करा. वाहत्या जखमेवर स्वच्छ दुपट्टा ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा. रक्त थांबले का, हे पाहायला कापड उचलू नका. हळद, माती लावू नका. घुसलेली वस्तू उपसू नका. कंबरेला मार असेल तर जखमीला उभे करू नका. पाणी पाजू नका. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका: मोटार वाहन कायद्याचे २०१९ मधील कलम १३४-अ सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

आणि एक काम अपघाताची वाट न पाहता करण्याजोगे आहे: रक्तदान. फुगा असो वा नसो, वाहून गेलेले रक्त भरून काढायला दुसऱ्या माणसाचेच रक्त लागते.