उपवासकाळातील मद्यत्याग : शपथेआधी डॉक्टरांची भेट

उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामांत मद्यत्यागाचे संकल्प केले जातात. अधूनमधून घेणाऱ्यास असा संकल्प हितकारकच ठरतो. परंतु जी व्यक्ती वर्षानुवर्षे दररोज, सकाळपासूनच पीत आली आहे, तिने राखेच्या बुधवारी एकाएकी मद्य बंद करणे जिवावर बेतू शकते. ही गोष्ट अजूनही अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

मद्य मेंदूचे कार्य मंदावते. त्यावर मात करण्यासाठी मेंदू अधिक उत्तेजित राहण्याची सवय लावून घेतो. मद्य अचानक थांबले तरी ती उत्तेजना मात्र उरते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना ताप, भास व भ्रम होतो. अशा वेळी 'नाटक करतो' म्हणून त्याला खोलीत कोंडणे घातक होय. डॉक्टर औषध देऊन त्याची मात्रा क्रमाने कमी करीत नेतात व ब-१ जीवनसत्त्वही देतात. शपथ त्यानंतर घेता येईल.

मद्यासक्ती हा आजार आहे, हे ओळखणाऱ्यांत एक धर्मभगिनी होत्या. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १९३५ साली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा उदय झाला. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ पासून, इतरत्र नाकारल्या जाणाऱ्या मद्यपींना दाखल करून घेतले. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले.

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या सभेस जाण्यासाठी मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. धर्म, जात, उत्पन्न कोणी विचारीत नाही, शुल्कही नाही. पत्नी, पती व मुलांसाठी 'अल्-अ‍ॅनॉन'चे गट असतात. स्त्रिया मात्र लोकलज्जेपोटी फार उशिरा मदत मागतात, आणि त्याचा दोष त्यांच्यापेक्षा आपल्या कुजबुजीकडे अधिक जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्यासक्तांनाही सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. शासनाची व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

मद्यमुक्त झालेल्यांस मिस्साबलिदानातील द्राक्षारसाचीही धास्ती वाटते. केवळ भाकरीच्या रूपात घेतलेला ख्रिस्तप्रसादही परिपूर्ण असतो. मद्यासक्तीने पीडित धर्मगुरूंना आंबविण्याची क्रिया रोखलेला द्राक्षरस वापरण्याची अनुमती बिशप देऊ शकतात, असे रोमने २००३ साली कळविले आहे.