उष्णता जाते कुठे? लॅपटॉप, पॉवर बँक आणि जालन्याची भट्टी

तत्त्वज्ञानाच्या माणसाला लॅपटॉपच्या पंख्याशी काय देणंघेणं, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. देणंघेणं एवढंच, की 'थंड करणे' हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याचा अर्थ तपासत नाही. त्या न तपासलेल्या शब्दापायी पैसे वाया जातात, क्वचित आगही लागते.

उदाहरणाला आपण जालना एमआयडीसी घेऊ. भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे आणि ते रोलिंग मिलमध्ये लाटून बांधकामाच्या सळया करायच्या, हा तिथला मोठा धंदा. मे महिन्यात तिथं पारा चाळिशी ओलांडतो. आणि आता लॅपटॉप सगळीकडे आहे. वजनकाट्यावर आहे, डिस्पॅचच्या टेबलावर आहे, पॅनेलला वायर जोडून बसलेल्या मेंटेनन्सवाल्याच्या मांडीवरही आहे. लॅपटॉप तापून मधेच बंद पडला, की गाड्यांची रांग लागते किंवा काम अर्ध्यावर अडकतं.

आता भट्टीकडे बघा. इंडक्शन फर्नेसमध्ये पोलाद साधारण १६०० अंशांपर्यंत तापतं. त्याच्याभोवती वेटोळं असतं तांब्याचं, आणि तांबं वितळतं १०८५ अंशांना. मग ते टिकतं कसं? मधे उष्णतारोधक अस्तर असतं, आणि तांब्याची नळी आतून पोकळ असते. तिच्यातून पाणी सतत वाहतं, उष्णता घेऊन बाहेर जातं आणि कूलिंग टॉवरवर ती हवेत सोडतं. भट्टीत कोणी 'थंडी' भरत नाही. उष्णतेला बाहेर जायला वाट करून दिलेली असते, एवढंच.

लॅपटॉपच्या पोटात हेच छोट्या मापात चालतं. तिथं तांब्याची एक चपटी नळी असते. हवा काढून घेतलेल्या या बंद नळीत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती पंख्याकडच्या टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते पाणी आतल्या जाळीतून परत येतं. पंखा पातळ पत्र्यांतून वारा काढतो आणि उष्णता खोलीत टाकतो.

म्हणजे हिशोब सरळ आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान, अधिक यंत्र करत असलेल्या कामामुळं आणि उष्णतेच्या वाटेतल्या अडथळ्यामुळं होणारी वाढ. समजा ही वाढ ५० अंशांची आहे. २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहील, ४२ अंशांच्या शेडमध्ये ९२ वर. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात, आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद होतं. तेव्हा उपायाची दारं तीनच : सभोवतालची हवा, कामाचा भार आणि वाटेतला अडथळा. बाजारातली कुठलीही वस्तू घेताना विचारावं, ही यातलं कोणतं दार उघडते?

कूलिंग पॅडचंच घ्या. आपल्या वैशेषिकांनी स्पर्शाचे तीन प्रकार मानले : शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. वारा त्यांनी तिसऱ्या प्रकारात घातला. तो स्वतः गारही नाही आणि गरमही नाही, ज्याच्या संगतीत येईल त्याचा गुण घेतो. आजचं भौतिकशास्त्र ही विभागणी मानत नाही, पण पॅड घेताना ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ४२ अंशांच्या खोलीतला पॅड ४२ अंशांचीच हवा फेकणार. पॅडचा पंखा लॅपटॉपच्या तळाच्या जाळीसमोर आला तर हवा जास्त मिळेल, फायदा होईल. नाही आला, तर नुसता आवाज. त्यापेक्षा मागची बाजू दोन बोटं उचलणारं सळईचं साधं स्टँड कितीतरी स्वस्त पडतं, आणि तळाची वाट मोकळी होते. कोणतंही फॅब्रिकेशनचं दुकान ते करून देईल. लॅपटॉप गादीवर किंवा फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवला, की हीच वाट बंद होते.

जालन्यात आणखी एक अडथळा आहे : लोखंडी धूळ. ती पत्र्यांत अडकते आणि वारा कोंडते. शिवाय ती वीजवाहक असू शकते, म्हणून सर्किटवर बसली तर धोका वेगळाच. इथं सुधारणेला जागा आहे. स्टँडच्या तळाशी काढून धुता येईल अशी बारीक जाळी बसवावी आणि तिच्या खालच्या कडेला चुंबकाची पट्टी लावावी, म्हणजे लोखंडी कण बरेचसे तिथंच अडकतील. चुंबक मात्र लॅपटॉपला चिकटवू नये. पुष्कळ लॅपटॉपना त्यामुळं झाकण मिटल्याचा भास होतो आणि ते झोपी जातात. आणि जाळी भरली की तीच अडथळा होते, हेही विसरू नये. उपाय केला की त्याची निगा आलीच.

आता बॅटरीकडे येऊ. पॉवर बँकेवरचा 'एमएएच'चा मोठा आकडा फसवा असतो. खरी साठवण वॅट-तासांत मोजावी. आतल्या सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट, म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॅट-तासांची. रूपांतरात दहा-वीस टक्के जातात, उरतात साठ-पासष्ट. लॅपटॉपची बॅटरी बहुधा ४० ते ६० वॅट-तासांची असते. म्हणजे एकदा पूर्ण भरेल, फार तर थोडं वर. शिवाय लॅपटॉपला अनेकदा ४५ ते ६५ वॅट लागतात. फोनसाठीची बँक तेवढे देऊ शकत नाही, म्हणून घेताना 'पीडी' आणि वॅटचा आकडा दोन्ही पाहावेत.

आणि ते गेलेले दहा-वीस टक्के कुठं गेले? उष्णता झाले, तेही बंद प्लॅस्टिकच्या डबीत. लिथियम-आयन सेल चार्ज करताना ४५ अंशांपलीकडे नेऊ नये, असं उत्पादक सहसा सांगतात. दुपारच्या शेडमध्ये ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावं, तेही माणूस जागा असताना आणि उघड्या जागी. पॉवर बँक लॅपटॉपच्या गरम वाऱ्यात किंवा बॅगेत कोंबून वापरू नये. टेबलावरच राहणाऱ्या जोडणीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल बरे. ते जड असतात, पण उष्णता जास्त सोसतात आणि जास्त वर्षं चालतात.

शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फुगलेली पॉवर बँक आपण भंगारवाल्याला देतो आणि विसरतो. पुष्कळ गोल सेलचं कवच पोलादाचं असतं, म्हणजे भंगार उचलणारं चुंबक त्यालाही उचलतं. भंगाराच्या ढिगात सेल चेपला तर पेट घेऊ शकतो. आणि वितळलेल्या पोलादात बंद डबी पडली, तर आतला वायू फुटून तप्त धातू उडू शकतो. तिथं भट्टीच्या तोंडाशी माणूस उभा असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपल्या वाट्याला काम उरतं ते बॅटरी वेगळी ठेवण्याचं, टोकांना चिकटपट्टी लावण्याचं आणि संकलन केंद्रात देण्याचं.

उष्णता नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते. धोक्याचंही तसंच आहे. म्हणून आपलं यंत्र गार झालं, की एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ : आपण काढून टाकलेलं कुणाच्या अंगावर गेलं?

आज इथंच थांबू. तुमच्या शंका जरूर पाठवा.