क्लाउड संगणनातील ओळख व्यवस्थापन आणि खासगीपणाचा हक्क

नागरिकाच्या शासनाशी, बँकेशी किंवा विद्यापीठाशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराच्या मुळाशी एक साधा प्रश्न असतो : समोरची व्यक्ती ती स्वतःच आहे, हे कशावरून? एके काळी या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष परिचयातून मिळत असे. पुढे शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, पारपत्र असे कागदी पुरावे आले. आता हेच उत्तर शेकडो किलोमीटर दूर असलेल्या संगणकांकडून काही सेकंदांत मिळते. या बदलामुळे सेवा जलद व स्वस्त झाल्या; मात्र नागरिकांची ओळखच एक मौल्यवान आणि जोखमीची मालमत्ता बनली. म्हणूनच ओळखीचे सुरक्षित व्यवस्थापन हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो विकासाचा आणि मूलभूत हक्कांचाही विषय आहे.

क्लाउड संगणनाचे अर्थकारण

स्वतःचे संगणक व साठवणयंत्रणा विकत न घेता त्यांची क्षमता इंटरनेटद्वारे गरजेपुरती भाड्याने घेणे, म्हणजे क्लाउड संगणन होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये केलेली व्याख्या सर्वत्र प्रमाण मानली जाते. तीनुसार या सेवेचे तीन प्रकार आहेत : पायाभूत सुविधा, विकासमंच आणि तयार सॉफ्टवेअर. मालकी व वापराच्या दृष्टीने क्लाउड खासगी, सामुदायिक, सार्वजनिक किंवा संमिश्र असू शकतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे मोठा स्थिर खर्च बदलत्या खर्चात रूपांतरित होतो आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ लहान संस्थेलाही मिळतात. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर येणारा ताण वर्षातून मोजक्याच वेळी असतो. त्यासाठी वर्षभर यंत्रे बाळगणे परवडणारे नसते. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा उपक्रम याच विचारातून आकाराला आला. त्याअंतर्गत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली.

ओळख व्यवस्थापनाचे घटक

ओळख व्यवस्थापनात चार पायऱ्या असतात. रेल्वेच्या आरक्षित प्रवासाचे उदाहरण घेतल्यास त्या स्पष्ट होतात. आरक्षण करताना प्रवाशाचे नाव नोंदवले जाते, ही नोंदणी. डब्यात तिकीट तपासनीस छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहतो, हे अधिप्रमाणन. कोणत्या डब्यातील कोणत्या आसनावर बसता येईल हे तिकिटावरून ठरते, हा प्राधिकार. तपासनीस आपल्या यादीत खूण करतो, ही लेखापरीक्षणासाठी ठेवलेली नोंद. परीक्षार्थींनी अधिप्रमाणन व प्राधिकार यांतील भेद विशेष लक्षात ठेवावा. ‘तुम्ही कोण’ याचे उत्तर पहिल्यातून मिळते, तर ‘तुम्हाला कशाची मुभा’ याचे दुसऱ्यातून.

क्लाउडमध्ये माणसांप्रमाणेच संगणकीय प्रणालींनाही ओळख द्यावी लागते. २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या १० कोटींहून अधिक ग्राहकांची व अर्जदारांची माहिती बाहेर गेली. बँकेची माहिती क्लाउडवर होती. फायरवॉलच्या सदोष मांडणीचा फायदा घेऊन एका प्रणालीची ओळख हस्तगत करण्यात आली आणि त्या ओळखीला गरजेपेक्षा अधिक अधिकार दिलेले होते. २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने आठ कोटी डॉलरचा दंड केला, तो बँकेला. यंत्रे दुसऱ्याची असली तरी माहितीची जबाबदारी भाड्याने देता येत नाही, हा त्यातील धडा. प्रत्येकाला कामापुरताच किमान अधिकार द्यावा, हे तत्त्वही त्यातूनच अधोरेखित होते.

भारतातील प्रयोग

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या टेंभली या आदिवासी गावात आधार क्रमांक देण्यास प्रारंभ झाला. आधार कायदा २०१६ मध्ये संमत झाला. या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की साध्या अधिप्रमाणनात विचारणा करणाऱ्या संस्थेला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा कोणत्याही कारणासाठी इतरांना देण्यास कायद्याने मनाई आहे.

तरीही एकच क्रमांक सर्वत्र वापरला गेल्यास बँक, रुग्णालय, दूरध्वनी अशा वेगवेगळ्या नोंदी जोडून व्यक्तीच्या आयुष्याचे संपूर्ण चित्र उभे करता येते. यावरील उपाय म्हणून २०१८ मध्ये १६ अंकी आभासी क्रमांकाची सोय करण्यात आली. नागरिकाला तो हवा तेव्हा बदलता येतो. निरनिराळ्या संस्थांना एकाच व्यक्तीसाठी निरनिराळे संकेत देण्याची पद्धतही त्याच वेळी आली.

हक्काची चौकट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. या हक्कावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय प्रमाणशीर हवा. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना वैध ठरवली. मात्र खासगी कंपन्यांना अधिप्रमाणनाची मुभा देणारी कलम ५७ मधील तरतूद रद्द केली. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक वापराची वेगळी चौकट घालून दिली.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

हानी कोणाची?

येथे अर्थशास्त्रातील बाह्य परिणामाची संकल्पना उपयोगी पडते. माहिती गोळा करण्याचा खर्च अत्यल्प, लाभ संस्थेचा. पण ती फुटल्यास हानी मुख्यतः नागरिकाची. पासवर्ड बदलता येतो, बोटांचे ठसे बदलता येत नाहीत. त्यामुळे बाजारावर सोपवल्यास माहिती गरजेपेक्षा जास्त गोळा होते आणि तिच्या सुरक्षेवर गरजेपेक्षा कमी खर्च होतो. दंड हा ही तफावत भरून काढण्याचा मार्ग आहे. मात्र २०२३ च्या कायद्यानुसार दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. पीडित नागरिकाला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. शासकीय यंत्रणांना मिळू शकणाऱ्या सवलतीही चर्चेचा विषय ठरल्या आहेत.

दुसरा प्रश्न वगळल्या जाणाऱ्यांचा. कोणत्याही अधिप्रमाणनात दोन प्रकारच्या चुका संभवतात : अपात्राला प्रवेश मिळणे आणि पात्राला नकार मिळणे. पहिलीची झळ तिजोरीला लागते, दुसरीची भुकेल्या कुटुंबाला. खडी फोडणाऱ्या किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुराच्या बोटांचे ठसे झिजतात, वृद्धांचे पुसट होतात. केवळ अधिप्रमाणन अयशस्वी झाले म्हणून लाभ नाकारला जाऊ नये, ही भूमिका न्यायालयाने २०१८ च्या निकालात नोंदवली. म्हणून पर्यायी पडताळणीची सोय हा व्यवस्थेतील अपवाद न मानता तिचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

कमीत कमी माहिती गोळा करणे, ती कूटबद्ध ठेवणे, ठरलेल्या हेतूपुरतीच वापरणे, काम संपल्यावर नष्ट करणे आणि तक्रारीला वेळेत दाद देणे, ही पंचसूत्री पाळली गेली तर सोय आणि खासगीपणा यांत विरोध उरत नाही. ज्याच्यासाठी ही व्यवस्था उभारली, त्या शेवटच्या माणसाला तिच्यामुळे हक्काचे धान्य मिळते का आणि त्याची माहिती त्याच्याच नियंत्रणात राहते का, या दोन कसोट्यांवरच तिचे यश ठरेल.