अप्रकाशित हस्तलिखितें व प्रकाशनाचा परवाना

अमरावती-अकोल्याकडील जुन्या वाड्यांतून दप्तरें बाहेर येऊं लागलीं कीं संग्राहक प्रथम कागदाचें मोल पाहतो. तो छापण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न मागाहून उभा राहतो. रिद्धपूरच्या प्राचीन महानुभावीय ग्रंथांबाबत हा वाद कोणी घालीत नाहीं. विसाव्या शतकांतील रोजनिशा व पत्रें यांची गोष्ट निराळी आहे.

१९५७ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या स्वामित्वहक्क मंडळाकडे नोंदणीचे वाद, परवाने व मोबदला हीं कामें होतीं. खाजगी नभोवाणी केंद्रांनीं ध्वनिमुद्रित गीतांसाठीं निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या शेंकडा २ द्यावेत, हा त्याचा २५ ऑगस्ट २०१० चा निर्णय गाजला. २०१७ सालीं हें काम बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेलें व २०२१ सालीं तेंही मंडळ मोडून परवान्यांचा अधिकार वाणिज्यिक न्यायालयांस मिळाला.

संशोधकांस यांतील कलम ३१ अ महत्त्वाचें आहे. अप्रकाशित लेखनाचा कर्ता मृत वा अज्ञात असल्यास, किंवा हक्कदार सांपडत नसल्यास, कोणासही प्रकाशनाचा परवाना मागतां येतो. तत्पूर्वीं देशाच्या बहुतेक भागांत खपणाऱ्या इंग्रजी दैनिकांत आपला मनोदय प्रसिद्ध करावा लागतो. न्यायालय चौकशी करून मोबदला ठरवितें. ती रक्कम सरकारी खात्यांत जमा राहते व वारसांस ती केव्हांही मागतां येते.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कागद विकत घेतल्यानें हक्क मिळत नाहीं. कर्त्यानें मृत्युपत्रानें अप्रकाशित हस्तलिखित दिलें असेल तर मात्र, विरुद्ध हेतु दिसत नसल्यास, त्याचा हक्कही सोबत जातो. दुसरें, कर्त्याच्या पश्चात् प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षांची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजतात. पेटींत पडलेल्या कागदाची मुदत सुरूच होत नाहीं.

तेंच हस्तलिखित लोकांस खुल्या असलेल्या ग्रंथालयांत असेल, तर कलम ५२ ची सवलत लागू होते. कर्ता ठाऊक असल्यास त्याच्या मृत्यूस ६० वर्षें उलटल्यावर संशोधनार्थ वा प्रकाशनार्थ नक्कल करितां येते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९३८ सालीं वारले. राष्ट्रीय अभिलेखागारांतील त्यांच्या रोजनिशांस ही मर्यादा १९९८ सालींच ओलांडली गेली. अशीच रोजनिशी खाजगी कपाटांत असती, तर वारसांची संमति वा परवाना यांवांचून गत्यंतर नव्हतें.

यास्तव प्रत्येक बाडासोबत कर्त्याचें नांव, मृत्यूचें वर्ष व बाड कोठून आलें तें लिहून ठेवावें. आणि शक्य असेल तेथें तें सार्वजनिक संग्रहाच्या स्वाधीन करावें. वऱ्हाडचा इतिहास छापून निघण्याचा तोच जवळचा मार्ग आहे, असें आम्हांस वाटतें.