साइट बंद, की वाट बंद?

२०२२च्या फेब्रुवारीपासून कित्येक महिने व्हीएलसी हा फुकट मिळणारा व्हिडिओ प्लेअर त्याच्या मूळ साइटवरून उतरवून घेणं भारतात अनेकांना जमत नव्हतं. एका कंपनीच्या नेटवर साइट उघडायची नाही आणि दुसऱ्या कंपनीच्या नेटवर बिनतक्रार उघडायची. व्हीएलसी बनवणाऱ्या पॅरिसच्या व्हिडिओलॅन संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरात ही आडकाठी दूर झाली.

असं काही झालं की ओळखीतला कोणीतरी हमखास सांगतो, ‘डीएनएस बदल, चार वेळा आठ टाक.’ सल्ला वाईट नाही. फक्त दुखणं कुठे आहे ते न बघताच औषध दिलेलं असतं.

पूर्वी १९७ फिरवून नाव सांगितलं की ऑपरेटर फोन नंबर सांगायचा. इंटरनेटवर हेच काम पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आखलेली डीएनएस ही यंत्रणा करते. आपण साइटचं नाव टाकतो आणि ती आकडी पत्ता देते. घरचं राउटर हा प्रश्न बहुधा नेट पुरवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरला विचारतं. साइट अडवायचा आदेश आला की कंपनीला सगळ्यात स्वस्तातला उपाय म्हणजे त्या सर्व्हरला खोटं बोलायला लावणं. ‘या नावाचं कोणी नाहीच,’ असं तो सांगतो किंवा भलताच पत्ता देतो.

हे खोटं पकडणं सोपं आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ लिहून पुढे साइटचं नाव टाका. मग तीच ओळ पुन्हा लिहा, फक्त शेवटी जागा सोडून ८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता जोडा. पहिल्यांदा नकार आणि दुसऱ्यांदा पत्ता मिळाला, तर संशय कंपनीच्या डीएनएसवर. दोन्हीकडे पत्ते मिळाले पण वेगवेगळे, तर लगेच आरडाओरडा नको. मोठ्या साइटचे पत्ते अनेक असतात. आणि दोन्हीकडे नकार आला तर साइटचं नाव नीट टाइप केलंय का ते आधी पाहा.

आता बदल करायचा. इथे घरोघरी एकच घोळ होतो. राउटरच्या पानावर जाऊन डीएनएस बदलला, राउटर बंद करून चालू केलं, तरी साइट ढिम्म. कारण बदल फक्त आकडी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीच्या, आयपीव्ही४च्या रकान्यात झालेला असतो. नव्या पद्धतीचं, आयपीव्ही६चं पान वेगळं असतं आणि तिथे कंपनीचाच सर्व्हर बसलेला असतो. एनएसलुकअपच्या उत्तरात सगळ्यात वर ज्या सर्व्हरचा पत्ता येतो तो वाचा. तो लांबलचक आणि मध्ये विसर्गासारखी टिंबं असलेला दिसला, तर प्रश्न आयपीव्ही६च्या वाटेने जातोय. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतो. तिथे ८.८.८.८ टाकलं तर फोन ते घेत नाही, त्याला नाव लागतं: ‘डीएनएस डॉट गूगल’, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

या प्रायव्हेट डीएनएसचं महत्त्व तुर्कस्तानच्या एका प्रसंगावरून कळतं. मार्च २०१४मध्ये तिथे ट्विटर अडवलं गेलं, तेव्हा इस्तंबूलमध्ये लोकांनी भिंतींवर ८.८.८.८ रंगवलं. थोड्याच दिवसांत तिथल्या कंपन्यांनी गूगलच्या पत्त्याकडे जाणारे प्रश्न परस्पर आपल्या सर्व्हरकडे वळवले. विचारणाऱ्याला वाटायचं गूगल उत्तर देतंय, बोलत असायचा भलताच. साधा डीएनएस उघड्यावर चालतो, म्हणून हे जमतं. प्रायव्हेट डीएनएसमध्ये प्रश्न कूटबद्ध होऊन जातो आणि समोरच्या सर्व्हरची ओळखही पटवून घेतली जाते. कंपनी तो थांबवू शकते, पण त्याचं उत्तर बनवू शकत नाही.

आपल्याकडे असा मधला माणूस आहे का, हे तपासायची एक युक्ती मला फार आवडते. १९२.०.२.१ हा पत्ता केवळ पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुठलाही सर्व्हर नाही. एनएसलुकअपच्या शेवटी ८.८.८.८ऐवजी तो टाका. काही सेकंद वाट पाहून ‘टाइम आउट’ आलं तर ठीक. उत्तर आलंच, तर ते वाटेतल्या कोणीतरी दिलेलं आहे.

एवढं सगळं करून पत्ता बरोबर येतो आणि तरी ब्राउझर ‘कनेक्शन रिसेट’ म्हणतो, तेव्हा मात्र डीएनएसचा नाद सोडावा. सुरक्षित साइटशी बोलणं सुरू करताना ब्राउझर तिचं नाव सहसा उघडपणे सांगतो. ते नाव ऐकून कंपनी तिथेच तार तोडते. भारतात ही पद्धत वापरली जाते, हे सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अभ्यासात दिसलं. सहा मोठ्या कंपन्यांच्या अडवलेल्या साइटच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, हेही त्यातच आढळलं. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या मोबाइल डेटावर साइट उघडून पाहणं ही चाचणी खरं तर सगळ्यात आधी करावी. तिथेही उघडली नाही, तर साइटच बंद पडलेली असू शकते.

फक्त आपल्याच नेटवर अडतंय असं दिसलं, तर कस्टमर केअरला ‘नेट स्लो आहे’ असं सांगू नका. तिथला माणूस राउटर रिस्टार्ट करायला सांगेल. चाचण्यांची उत्तरं जोडून लेखी विचारा: आदेश आहे का, आणि कोणाचा? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या आदेशांना गोपनीयतेचा नियम लागू असल्याने उत्तर मोघम येऊ शकतं. न्यायालयाच्या आदेशाने अडवलं असेल तर आदेश तरी शोधता येतो.