पडदा हवा, अंधार नको

धारच्या बाजारपेठेत किंवा देवासच्या जुन्या वस्तीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधील अंतर किती थोडे असते हे सांगावयास नको. देवास संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांत विभागलेले होते, आणि एकाच गावात दोन दरबार नांदत होते. राज्ये गेली, पण गल्ल्या होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. खाली दुकान, मागे वखार आणि वर बिऱ्हाड ही आपल्या व्यापारी घरांची जुनी ठेवण. माडीवरची खिडकी उघडावी, तर समोरच्या माडीवरून आपल्या घरातील ताटवाटी मोजता यावी इतकी जवळीक. म्हणून खिडकीवर जाड पडदा येतो, पडद्यामागे अंधार येतो, आणि भर दुपारी दिवा लावून निवडण-टिपण करण्याची पाळी येते. दुकानात बसणाऱ्या पुरुषांना याची फारशी जाणीव नसते. ज्यांचा सारा दिवस त्या खोल्यांत जातो त्या गृहिणींना आणि वृद्धांना मात्र ती असते.

अलीकडे या अडचणीवर काचेला चिकटवावयाची फिल्म हा उपाय सर्वत्र दिसू लागला आहे. उपाय चांगला आहे, परंतु तो समजून न घेता केला तर काय होते, हे आम्ही स्वतःच्या घरी अनुभवले आहे. सभासद बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत संकोच बाजूस ठेवून येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही माडीवरच्या खोलीच्या खिडकीला आरशासारखी चकाकणारी फिल्म लावून घेतली. लावणाऱ्या कारागिराने आम्हाला रस्त्यावर उभे करून दाखविले. काचेत समोरच्या घराचे प्रतिबिंब तेवढे दिसत होते, आतले काहीही दिसत नव्हते. आम्ही संतुष्ट झालो. सूनबाईंनी जाड पडदे धुऊन पेटीत ठेवून दिले. दोन-अडीच महिने गेले, आणि एके दिवशी समोरच्या घरातील वृद्ध बाई मुद्दाम जिना चढून आल्या. त्यांनी सूनबाईंना आत नेऊन हळूच सांगितले, "रागावू नकोस हो बाई, पण रात्री दिवा लागला की तुझी खोली सगळीच्या सगळी दिसते." सूनबाईंनी कोणासही बोल लावला नाही. त्या रात्री जुना पडदा पेटीतून निघून पुन्हा खिडकीवर चढला, एवढेच. आमची मान मात्र खाली गेली. कारागीर खोटे बोलला नव्हता. त्याने दिवसाचे सत्य सांगितले होते, आणि आम्ही रात्रीचा प्रश्न विचारलाच नव्हता.

असे का व्हावे, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच पाहावयास मिळते. मांडू येथील होशंगशाहाच्या संगमरवरी कबरीत दगडी जाळ्यांतून उजेड आत येतो. होशंगशाहाचा मृत्यू १४३५ साली झाला. आणि पुढे १६५९ साली शाहजहानचे स्थपती ही वास्तू पाहून गेल्याचा लेख तिच्या दारावर आहे. दिवसा त्या जाळीच्या आत उभे राहिले तर बाहेरचे आवार दिसते. पण बाहेर उन्हात उभे राहून पाहिले तर जाळीच्या छिद्रांत काळोखच दिसतो. जो अंधारात आहे तो पाहतो आणि जो उजेडात आहे तो दिसतो, हा नियम. जुन्या वाड्यांतील जाळ्या, झरोके आणि चिका याच नियमावर उभ्या होत्या. भर दुपारच्या उन्हात उजेड लाखभर लक्सच्या घरात असतो, तर खोलीत तो काही शेकडेच असतो. आरशाची फिल्म दोन्ही दिशांनी सारखीच वागते. थोडा उजेड परतविते, थोडा जाऊ देते. दिवसा बाहेरच्या प्रखर उजेडाचे प्रतिबिंब आतल्या मंद उजेडावर मात करते, म्हणून आतले दिसत नाही. सूर्य मावळला आणि आत दिवा लागला की पारडे उलटते. तेव्हा आपल्याला काचेत आपलेच तोंड दिसते, आणि गल्लीला आपले घर दिसते. पूर्वजांच्या घरी रात्रीचा दिवा समईचा होता, म्हणून जाळी पुरत होती. आज विजेच्या दिव्यापुढे ती पुरणार नाही आणि आरशाची फिल्मही पुरणार नाही.

याहून निराळा प्रकार दुधी फिल्मचा. ती उजेड परतवीत नाही, विखुरते. दुधी काचेचेच हे स्वस्त रूप म्हणावे. तिच्यातून बहुतांश उजेड आत येतो, पण आकृती येत नाही. आणि हे दिवसा व रात्री दोन्ही वेळा खरे असते. तिचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. काचेला अगदी लागून असलेल्या माणसाची अंधुक आकृती दिसते, आणि रात्री दिवा पाठीमागे असेल तर सावली काचेवर पडते. म्हणून दिवा खिडकीच्याच भिंतीवर असावा, म्हणजे सावली आतल्या बाजूस पडेल. न्हाणीघरात जुनी घासलेली काच असेल तर तिची खडबडीत बाजू ओली होताच काच बरीच पारदर्शक होते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

आता उजेड कसा राखावा ते पाहू. खोलीत खोलवर पोहोचणारा उजेड खिडकीच्या वरच्या भागातून येतो, कारण आकाश तेथून दिसते. शेजाऱ्याची नजर मात्र बहुधा खालच्या भागातून येते. तेव्हा संपूर्ण काच झाकण्याचे कारणच नसते. घरातील माणूस उभा असता त्याच्या डोक्याच्या किंचित वर येईल इतक्या उंचीपर्यंत दुधी फिल्म लावावी आणि वरची काच मोकळी सोडावी. समोरची माडी आपल्याहून उंच असेल तर ही उंची प्रत्यक्ष समोर जाऊन ठरवावी. खर्च करण्यापूर्वी आठ दिवस काचेवर तेलकट पातळ कागद चिकटवून दिवसा व रात्री, दोन्ही वेळा बाहेरून पाहावे. आम्ही हे आधी केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

आपल्या घरांत ज्या कुटुंबांनी सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम राखला आहे, त्यांना स्वयंपाकघरातील शेवटच्या घटकेचा उजेड अमोल असतो. धान्य निवडताना, भाजी चिरताना सूक्ष्म जीव नजरेस पडला पाहिजे. अशा खिडकीला गडद रंगाची फिल्म मुळीच लावू नये. किती टक्के उजेड आत येतो हा आकडा चांगल्या मालाच्या नमुनावहीत दिलेला असतो. तो विचारून घ्यावा आणि स्वयंपाकघरासाठी सर्वाधिक आकड्याची निवड करावी. मावळतीकडील खिडकीची गोष्ट निराळी. माळव्यातील चैत्र-वैशाखाचे ऊन तेथून थेट आत येते, आणि तेथे उष्णता परतविणारी फिल्म उपकारक ठरते. दक्षिणेच्या खिडकीला तिची घाई करू नये. डिसेंबरच्या अखेरीस धार येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवरच असतो, आणि ते कोवळे ऊन घरातील वृद्धांना हवेसे असते. उन्हाळ्यात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो व साधे छज्जे त्याला अडवितात.

दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. कापडाचा रंग पाहण्यासाठी गिऱ्हाईक साडी घेऊन उंबऱ्याबाहेर उजेडात जाते, हे आपण नित्य पाहतो. रंगीत फिल्ममधून आलेल्या उजेडात लालाचा किरमिजी आणि पांढऱ्याचा पिवळट होतो. त्यातून तक्रार आणि माल परत येणे हे आलेच. म्हणून कापडाच्या दुकानी निखळ पारदर्शक, पण अतिनील किरण अडविणारी फिल्म घ्यावी. तिने काचेच्या कपाटातील मालाचा रंग उडणे मंदावते. ते थांबते असे मात्र नव्हे, कारण दृश्य उजेड आणि उष्णता यांनीही रंग उडतो. मांडणीतील माल वेळोवेळी बदलणे हाच त्यावरचा खरा उपाय. गादीमागे रोकड मोजावयाच्या खोलीस आणि हिशेबाच्या मेजासमोरील काचेस दुधी पट्टा पुरेसा होतो.

लावतानाच्या काही गोष्टी. फिल्म बहुधा काचेच्या आतल्या बाजूस लागते. काच प्रथम स्वच्छ करावी, साबणाचे पाणी शिंपडावे, फिल्म ठेवून रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढावे. पूर्ण वाळावयास काही दिवस जातात. तोवर दिसणारे धुरकट डाग पाहून घाबरू नये. खरखरीत किंवा नक्षीदार काचेच्या उठावाच्या बाजूस ती धरत नाही. गडद फिल्म ऊन शोषून काच तापविते, आणि अर्धी उन्हात व अर्धी सावलीत असलेली काच त्यामुळे तडकू शकते. तारेची जाळी घातलेल्या काचेस हा धोका अधिक. भाड्याच्या घरात असणाऱ्यांनी डिंकाशिवाय केवळ पाण्याने चिकटणारी फिल्म घ्यावी. ती घर सोडताना सोलून नेता येते. आणि सर्वांत साधी गोष्ट म्हणजे खिडकी उघडली की फिल्मचा उपयोग संपतो. वारा हवा असेल तेथे वरची झडप उघडी व खालची बंद अशी योजना करावी, किंवा जुनी चीक पुन्हा टांगावी. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

आमच्या माडीवरची चकाकणारी फिल्म आम्ही काढून टाकली. खालच्या भागाला दुधी फिल्म लावली, वरचा भाग मोकळा ठेवला आणि दिव्याची जागा बदलली. या वेळी कारागिराच्या शब्दावर विसंबलो नाही. दिवे लागल्यावर समोरच्या वृद्ध बाईंच्या घरी जाऊन, त्यांच्याच खिडकीतून आमच्या खिडकीकडे पाहिले. सूनबाईही बरोबर होत्या. काचेवर नुसता मऊ उजेड होता. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग घरी येऊन पडदे दुसऱ्यांदा पेटीत ठेवले. घरात कोणताही बदल करताना त्या खोलीत दिवस काढणाऱ्या माणसाला आधी विचारावे, ही गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. वाचकांनी ती लवकर शिकावी, एवढीच इच्छा.