मालक न येणारी जनावरं
पिकात घुसलेलं जनावर कोंडवाड्यात डांबायचं आणि मालकानं दंड, चाऱ्याचा खर्च भरून सोडवायचं, ही १८७१च्या कायद्याची रीत. मालकच फिरकणार नसेल, तर ती कोलमडते.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्यानं आली. मार्च २०१५पासून बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. तोवर थकलेला बैल विकून, पदरचे पैसे घालून शेतकरी नवी जोडी आणायचा. आता गिऱ्हाईक नाही, नांगरटीला ट्रॅक्टर आहे, वैरण मात्र रोजच लागते. मग रात्री एखादं जनावर दुसऱ्या शिवारात सोडलं जातं. त्याला निर्दयपणा म्हणणं शहरातून सोपं!

पांजरपोळ, गोशाळा अशी जनावरं घेतात. पण खरा खर्च पुढच्या वर्षांचा: चारा आणि पाणी.

२०२४मध्ये राज्यानं गोशाळांना गायीमागे रोज ५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही फक्त देशी गायींसाठी.